कंसातलं नाव

मासळीचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
आम्हा सात जणींना शाळेमागच्या शेडमध्ये बसवलं.
सुरी गेली, चिमटा आला.
कॉड गेला, गाळ आला.
वास सुटला नाही, नुसता बदलला :
आता घरी गेले की कुत्रा माझे हात हुंगतो
आणि शिंकतो.

गाळ येतो दोन हजार मीटर खालून,
डब्यांत, अक्षांश-रेखांशांसकट.
किडे एका बशीत, तुटके तारामासे दुसरीत,
आणि शिंपल्या, जवाच्या दाण्याएवढ्या,
दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या,
खाली काय पाहिलं ते सांगायचं नाही
असं आपसात ठरल्यासारख्या.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची.
शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल नाही.
हे पहिल्याच दिवशी शिकवलं वाल्गेर्दनं,
जिनं तीस वर्षं काटे काढले
आणि कधी कशाला नाव दिलं नाही.

महिन्यातून एकदा रेक्याविकहून येतो सिग्वाल्दी.
बूट दारात काढत नाही.
त्या दिवशी म्हणाला, ही प्रजाती एक नाही, दोन आहेत.
भिंगाखाली बिजागरी दाखवली :
पुढे अकरा दात, मागे नऊ,
मध्ये खळगा, लवचीक बंध बसायला.
आता हिची बघ.
बघितली. खळगाच नाही.
दात सलग, कंगव्यासारखे.
एवढ्यावरून?
एवढ्यावरूनच. बाहेरून काय, सगळ्या सारख्याच.

तर चारशे बाटल्या उघडा. चारशे नव्या चिठ्ठ्या.
जातीचं नाव तेच राहतं, प्रजातीचं बदलतं.
नवी प्रजाती लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी,
म्हणून जातीच्या नावाचं शेपूट तेवढं वळवायचं.
आणि शंभर वर्षांपूर्वी जिचं वर्णन केलं
त्या कुण्या डॅनिश पाद्र्याचं नाव
पुसायचं नाही. कंसात घालायचं.
म्हणजे, यानं हिला आधी पाहिलं होतं.
भलत्या घरात ठेवलं होतं,
पण पाहिलं होतं.

पेन्सिल थांबली.

आमच्याकडे आडनाव नसतं बहुतेकांना.
बापाचं नाव, आणि त्याला शेपूट : मुलगा, नाहीतर मुलगी.
तेरा वर्षांची होईपर्यंत मी ग्रीमची मुलगी होते.
तो फेरो बेटांकडच्या बोटीवर गेला. बुडाला नाही
(बुडाला असता तर नाव राहिलं असतं),
तिकडेच दुसरं घर केलं.
आईनं मला कचेरीत नेलं.
एक अर्ज, एक शिक्का,
बाहेर आले ती ओड्नीची मुलगी.
वहीवरच्या जुन्या नावावर आईनं कागदाची पट्टी चिकटवली.
उजेडात धरली की खालची अक्षरं दिसत.
मी पुष्कळदा धरायचे.

उद्या कुणी म्हणालं, हे चुकलं, पहिलंच बरोबर होतं,
तर? मी विचारलं.
सिग्वाल्दी पाव खात होता.
मग परत जुन्या प्रजातीत, म्हणाला,
आणि कंस काढून टाकायचा.

तीनलाच अंधारलं.
एका वाया गेलेल्या चिठ्ठीवर मी लिहून पाहिलं :
हल्वेग ओड्नीयारदोत्तिर (ग्रीम).
दिसायला वाईट नव्हतं.
कुणी बघायच्या आत
रिकाम्या बाटलीत सोडलं, वर स्पिरिट ओतलं.
विरघळणार नाही हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या शिंपलीची बिजागरीच तुटलेली.
दात मोजता येईनात.
ना ही प्रजाती, ना ती.
राहू दे, म्हणाला, प्रश्नचिन्ह घाल.
घातलं. झाकण फिरवलं.
ती बाटली सगळ्यांत खालच्या फळीवर आहे, भिंतीशी.
वाल्गेर्द झाडते तेव्हा तिचा झाडू तिथवर जातो,
म्हणून घरी निघताना रोज
मी तिला बोटभर आत सरकवते.